वादग्रस्त पुतळा: चौकात ठेवायचा, हलवायचा की फोडायचा?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी,

एखाद्या पुतळ्यावरून वाद पेटला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘इतिहास पुसू नका’ हे एक आणि ‘अत्याचाऱ्याला मान कशाला’ हे दुसरं. मग दोन्ही बाजू आपापलं वाक्य मोठ्या आवाजात म्हणत राहतात. चर्चा त्यापुढे न्यावी म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात मद्रासपासून करतो, कारण हा वाद २०२० साली अमेरिका-इंग्लंडातून आपल्याकडे आला असं अनेकांना वाटतं. मद्रासच्या माउंट रोडवर जेम्स नील ह्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याचा पुतळा उभा होता. १८५७ मध्ये बनारस आणि अलाहाबाद परिसरात ह्याने माणसं सरसकट फासावर लटकवली. कानपूरला बीबीघरच्या हत्याकांडानंतर (तिथे इंग्रज बायका-मुलांना मारलं होतं) पकडलेल्या कैद्यांना, फाशी देण्याआधी, तिथलं वाळलेलं रक्त जिभेने चाटायला लावलं. अशा माणसाचा पुतळा मद्रासच्या मोठ्या रस्त्यावर, आणि त्याच्याखालून रोज ये-जा करायची ती तिथल्या लोकांनी. १९२७ मध्ये तो हटवावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. काही तरुणांनी पुतळ्यावर घाव घातले आणि तुरुंगवास पत्करला. गांधीजींनी मागणीला पाठिंबा दिला, पण आंदोलन अहिंसकच राहिलं पाहिजे हेही बजावलं. १९३७ मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आलं आणि पुतळा रस्त्यावरून निघून मद्रासच्या संग्रहालयात गेला.

ह्यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पुतळा वितळवला नाही, समुद्रात टाकला नाही. नील कोण होता आणि इंग्रजांनी त्याला वीर कसं ठरवलं ह्याचा पुरावा शाबूत राहिला. आणि निर्णय घेतला तो लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने, दहा वर्षं मागणी लावून धरल्यानंतर.

माझं म्हणणं असं: पुतळा आणि चौथरा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतळा ही वस्तू आहे, दस्तऐवज आहे, ती जपावी. चौथरा हा मान आहे. तो मान मेलेल्या माणसांनी कायमचा वाटून टाकलेला नसतो. आज त्या चौकात राहणारे लोक तो रोज नव्याने देत असतात, आणि द्यायचा नसेल तर काढून घेऊ शकतात.

दुसरं, माणूस कधी होऊन गेला ह्यापेक्षा पुतळा कधी उभारला हे आधी बघावं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा एडवर्ड कोल्स्टन, गुलामांच्या व्यापारात असलेला, १७२१ मध्ये वारला. पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद होऊन साठ वर्षं उलटल्यावर. जनरल ली, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा सेनापती, १८७० मध्ये वारला; शार्लट्सव्हिलमधला त्याचा पुतळा १९२४चा. त्या काळात दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या नागरिकांचा मताधिकार जवळपास संपवलेला होता आणि रेल्वेच्या डब्यापासून शाळेपर्यंत सगळं वेगळं केलेलं होतं. मग ह्या पुतळ्यातून आपल्याला युद्ध संपलं त्या १८६५चा इतिहास कळतो की १९२४ सालच्या सत्ताधाऱ्यांच्या मनातलं? खुद्द लीने १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर स्मारकं उभारण्याच्या कामात सहभागी व्हायला नकार दिला होता. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, असं त्याचं मत होतं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जास्त वाचायला आवडतील.

कातळ

धागा चांगला आहे, पण मी ठाम असहमत.

चौथरा म्हणजे मान आणि मान काढून घेता येतो, हे एकदा मान्य केलं की थांबायचं कुठे? जुनी राजवट गेली, नवी आली, तिला आधीच्यांचा मान खुपला, काढा. पन्नास वर्षांनी तिसरी आली, काढा. आज ज्यांच्या बाजूने तुम्ही बोलताय त्यांचीही स्मारकं उद्या ह्याच न्यायाने जातील. वेठबिगारीशिवाय उभे राहिलेले किल्ले आणि राजवाडे जगात किती असतील? रोमचं कलोसियम तर माणसं मारण्याची करमणूक करायला बांधलं होतं.

आणि अफगाणिस्तानातलं बामियान विसरू नका. मार्च २००१ मध्ये तालिबानने तिथल्या दोन बुद्धमूर्ती, त्यातली मोठी साधारण ५५ मीटर उंच, सुरुंग लावून उडवल्या. उडवणाऱ्यांच्या मते त्या मूर्ती त्यांच्या श्रद्धेचा अपमानच होत्या. ‘आज इथे राहणाऱ्यांना हे नको आहे’ हे वाक्य त्यांनीही म्हटलं असतं.

पाऊलखुणा

@कातळ, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

कलोसियममध्ये आज कोणी कोणाला मान देत नाही. तिथे माणूस जातो तो जे घडलं ते पाहायला. वेठबिगारीचं दुःख मोठं आहे, पण राजवाडा ‘वेठबिगारी थोर होती’ असं म्हणत नाही. नीलचा पुतळा मात्र ‘नील थोर होता’ एवढंच सांगायला उभा केला होता. त्याला दुसरा कसलाही उपयोग नव्हता. इमारत, देऊळ, पूल, किल्ला ह्यांना मी चौकातल्या पुतळ्याच्या पंक्तीत बसवत नाही.

बामियानबद्दल: तिथे वस्तूच नष्ट केली. सहाव्या शतकाच्या आसपासची, पुन्हा कधीच न होणारी गोष्ट, आणि तीही शस्त्राच्या जोरावर सत्तेत आलेल्या गटाच्या फर्मानावरून. मान कोणाला द्यायचा हा प्रश्न तिथे नव्हताच, कारण बामियान खोऱ्यात बौद्ध वस्तीच उरली नव्हती. तिथल्या स्थानिकांनी तर त्या मूर्तींभोवती स्वतःच्या लोककथा रचलेल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

‘थांबायचं कुठे’ ह्याला माझं उत्तर: वस्तू फोडण्याच्या अलीकडे थांबायचं. आणि सध्या बहुमत कोणाचं आहे एवढ्यावर भागवायचं नाही, वेळ द्यायचा.

खडूफळा

मी शाळेत इतिहास शिकवते. माझा अनुभव असा की काढा किंवा ठेवा ह्यावर मुलं दोन मिनिटांत दोन गट करतात, पण ‘मग खाली पाटी लावायची असेल तर काय लिहाल?’ असं विचारलं की खरी चर्चा सुरू होते.

कोल्स्टनचा विषय निघालाच आहे तर पाटीची गोष्ट सांगते. ती पुतळा पाडण्याइतकी गाजली नाही, पण मला ती जास्त शिकवून जाते. मूळ चौथऱ्यावरच्या मजकुरात कोल्स्टनला शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक म्हटलं होतं. हा माणूस रॉयल आफ्रिकन कंपनीत मोठ्या पदावर होता. त्याच्या सहभागाच्या काळात कंपनीने अंदाजे ८४,००० आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली, त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली असं मानलं जातं. चौथऱ्यावर ह्यातलं अक्षर नाही. म्हणून दुसरी पाटी लावायचं ठरलं. मसुदा तयार झाला. मग कोल्स्टनचा वारसा सांभाळणाऱ्या व्यापारी मंडळाच्या बाजूने आक्षेप आले आणि शब्द सौम्य होत गेले. शेवटी २०१९ मध्ये महापौरांनीच तो बदललेला मजकूर नामंजूर केला. पाटी लागलीच नाही.

पुढच्या वर्षी ७ जूनला जमावाने दोर लावून पुतळा खाली ओढला आणि बंदरात ढकलून दिला.

पुतळा पाडण्याचं मी समर्थन करत नाही. पण सनदशीर मार्ग अडवून धरणाऱ्यांवर त्याची काहीच जबाबदारी नाही, असं म्हणायला मी तयार नाही. ‘प्रक्रियेने या’ असं सांगायचं आणि प्रक्रियेच्या दाराला आतून कडी लावायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

रातकिडा

+१. शार्लट्सव्हिललाही तेच. नगर परिषदेने २०१७च्या फेब्रुवारीत पुतळा हटवायचा ठराव केला. राज्याच्या कायद्यात युद्धस्मारकं हलवायला मनाई होती, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला, विरोधकांच्या गर्दीत एकाने गाडी घातली आणि एका तरुणीचा जीव गेला. पुतळा हलला २०२१च्या जुलैमध्ये.

आणि पुढे २०२३ मध्ये तो वितळवला. त्या ब्राँझमधून नवीन कलाकृती घडवायची असा प्रकल्प आहे. पाऊलखुणा, तुमच्या ‘वस्तू जपावी’ ह्या नियमात हे कसं बसतं?

पाऊलखुणा

@रातकिडा, बसत नाही. मला ते पटलेलं नाही. ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या पुतळ्याच्या सावलीत अपमान गिळले त्यांना तो वितळताना पाहून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो, आणि तिथे निर्णय रीतसर झाला हेही खरं. पण अजून शंभर वर्षांनी कोणी म्हणालं की ‘असले पुतळे होतेच कुठे, ही सगळी अतिशयोक्ती आहे’, तर त्याच्यासमोर ठेवायला ती वस्तू हवी होती.

ओतीवकाम

पाच पैसे माझेही. मी ब्राँझ ओतण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं वस्तूच्या बाजूने बोलतो.

‘संग्रहालयात हलवा’ हे लिहायला सोपं आहे. चौकातला पुतळा साधारणपणे खालून, लांबून बघायचा म्हणून घडवलेला असतो. डोकं आणि खांदे मुद्दाम किंचित मोठे करतात, नाहीतर खालून बघताना माणूस आखूड दिसतो. तोच पुतळा खोलीत, जमिनीवर, हाताच्या अंतरावर आणला की बेढब दिसतो. त्यात आतला लोखंडी सांगाडा गंजलेला असतो. क्रेनने उचलताना सांधे उघडतात, घोट्यापाशी चीर जाते. बऱ्याच संग्रहालयांकडे तेवढी उंची नसते आणि तेवढं वजन पेलणारी जमीनही नसते. मग तो मागच्या अंगणात ताडपत्रीखाली जातो आणि तिथेच राहतो. हे जपणं म्हणायचं का?

दिल्लीच्या कॉरोनेशन पार्कात पाचव्या जॉर्जचा पुतळा आहे. इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून तो १९६०च्या दशकात काढला. ती छत्री पुढे अर्धशतक रिकामी होती. २०२२ मध्ये तिथे नेताजींचा पुतळा बसवला. मला ती रिकामी छत्री फार आवडायची. कोण होता आणि का नाही हे बघणाऱ्याला विचारावंसं वाटायचं. आता कोणी विचारणार नाही.

बुडापेस्टने मात्र नीट विचार केला. १९८९ नंतर शहरभरचे कम्युनिस्ट काळातले पुतळे उचलून शहराबाहेर एका उद्यानात उभे केले, १९९३ मध्ये ते उघडलं. पुतळे उघड्यावरच, ज्या उजेडासाठी घडवले त्यातच, पण आजूबाजूला मंत्रालय नाही, संचलन नाही, दरारा नाही. ही वेगळेपणाची जागा मला बंद खोलीपेक्षा बरी वाटते.

कातळ

@ओतीवकाम, हा प्रतिसाद आवडला. पण तुम्ही जे सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. जागेवरून हलवलं की वस्तूचा अर्थ जातो. मग जागेवर ठेवून बाजूला भर का घालू नये?

दिल्लीतच रिज ह्या टेकडीवर एक लाल दगडाचा अष्टकोनी मनोरा आहे. १८५७ मध्ये दिल्ली परत घेताना मेलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी इंग्रजांनी १८६३ मध्ये उभारला. खाली चहूबाजूंना पाट्या: कुठली पलटण, किती मेले, किती जखमी, युरोपीय आणि ‘नेटिव्ह’ असे वेगळे रकाने. लेखात बंडवाल्यांना शत्रू म्हटलंय. स्वतंत्र भारताने तो पाडला नाही. १९७२ मध्ये त्याचं नाव अजितगड केलं आणि एक नवी पाटी बसवली. तिचा आशय असा की ह्या स्मारकावर ज्यांना ‘शत्रू’ म्हटलं आहे ते परकी सत्तेविरुद्ध उठलेले आणि देशाच्या मुक्तीसाठी लढलेले वीर होते.

मी तिथे उभा राहिलोय. आधी जुन्या पाट्या वाचल्या, मग ही नवी. एकाच दगडावर दोन राजवटी एकमेकींशी बोलताना दिसतात. पाडला असता तर तिथे एक झाड असतं.

पाऊलखुणा

अजितगडबाबत पूर्ण सहमत, कातळ. तो पाडायला मीही विरोध केला असता. पण तो मनोरा आहे. मेलेल्या शिपायांची मोजदाद आहे. त्याच्या जागी नीलचा सिंहासारखा उभा केलेला पुतळा कल्पा, आणि खाली तीच पाटी. पाटी वाचायला माणसाला थांबावं लागतं, जवळ जावं लागतं, भाषा यावी लागते. पुतळा लांबूनच, न वाचता बोलतो. खाली लहान अक्षरांत ‘हा क्रूर होता’ आणि वर तोच वीराच्या आविर्भावात, ह्यात पाटी हरते.

पाटी जिंकायची असेल तर ती पुतळ्याएवढीच मोठी हवी. इटलीतल्या बोल्झानोला ते केलंय. तिथे सरकारी इमारतीवर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचं प्रचंड मोठं उठावशिल्प आहे. २०१७ मध्ये त्याच्यावरूनच आडवी, उजळणारी अक्षरं बसवली: आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाच नाही, अशा अर्थाचं हाना आरेंट ह्या ज्यू विचारवंत बाईंचं वाक्य, जर्मन, इटालियन आणि लादिन अशा तीन भाषांत. शिल्पाखाली ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ ही फॅसिस्ट घोषणा कोरलेली आहे. अक्षरांकडे दुर्लक्ष करून शिल्प पाहताच येत नाही. जागेवर ठेवायचं तर असं ठेवा.

मोडीवाचक

उशिरा येतोय, क्षमस्व.

सगळ्या प्रतिसादांत एक गृहीतक दिसलं: स्मारक ज्याने उभारलं त्याच्याच अर्थाने ते कायम बोलतं. भीमा कोरेगावचा स्तंभ बघा. १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर कंपनीने आपल्या विजयासाठी तो उभारला. उभारणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के वसाहतवादी. पण त्यावर कोरलेल्या ४९ नावांत २२ नावं महार सैनिकांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते त्यांना आपल्या पूर्वजांचं शौर्य दगडात कोरलेलं त्या एका जागी वाचता येत होतं. त्यानंतर तो स्तंभ कंपनीचा राहिलाच नाही.

आता विचार करा, १९४७ मध्ये कोणी ‘इंग्रजांच्या विजयाची निशाणी’ म्हणून तो हटवला असता तर? हटवणाऱ्यांना तो राष्ट्राभिमान वाटला असता आणि ज्यांच्यासाठी ती जागा जगण्याचा आधार होती त्यांचा आवाज त्या निर्णयात उमटलाही नसता. म्हणून ‘कधी उभारलं, कोणी उभारलं’ ह्या निकषाला माझा आक्षेप आहे. ‘आज इथे कोण येतं आणि कशासाठी’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा.

खडूफळा

मोडीवाचक, हा प्रतिसाद मी वर्गात वापरणार आहे.

पाऊलखुणा

@मोडीवाचक, तुमचा क्रम मी घेतो. आधी ‘आज कोण येतं’, मग ‘कोणी उभारलं’. चौथऱ्याचा मान आज तिथले लोक देतात असं मी म्हणतो, त्याला कोरेगावइतका सबळ आधार दुसरा नाही; तिथे लोकांनी दुसऱ्याचा चौथरा घेऊन आपला मान त्यावर ठेवला. नीलच्या पुतळ्याकडे असं कोणी गेलं नव्हतं. कोल्स्टनकडेही नाही.

ह्यातून ‘कोणाला विचारायचं’ हेही थोडं उलगडतं. नुसतं डोकी मोजून भागणार नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या वंशजांचं म्हणणं आधी आणि सविस्तर ऐकायचं, मग सगळ्या शहराचं. ब्रिस्टलने उशिरा का होईना हे केलं. पाण्यातून काढलेला पुतळा २०२१ मध्ये तिथल्या एम शेड संग्रहालयात आडवा ठेवला, अंगावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसकट, बाजूला मोर्च्यातले फलक. आणि पुढे काय करायचं हे लोकांना विचारलं. सुमारे १४,००० लोकांनी उत्तरं दिली. शहरातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांनी तो संग्रहालयातच दिसत राहावा असं सांगितलं. रस्त्यावर एवढा दुभंग दिसत होता, पण विचारल्यावर एवढी सहमती निघाली.

रातकिडा

मग जर्मनीतल्या विटेनबर्गचं काय? ‘अत्याचार सोसलेल्यांचं आधी ऐका’ म्हणता म्हणून विचारतो. तिथल्या चर्चच्या भिंतीवर तेराव्या शतकातलं ज्यूंची अतिशय घाणेरडी विटंबना करणारं शिल्प आहे. डुकरिणीच्या आचळांना लागलेली माणसं, ज्यू म्हणून ओळखू येतील अशा टोप्या. १९८८ मध्ये खाली जमिनीवर स्मृतिफलक बसवला, नंतर माहितीची पाटीही लावली. एका ज्यू नागरिकाने ते शिल्प काढावं म्हणून दावा केला. २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो फेटाळला. मूळ शिल्प अपमानास्पद आहे हे मान्य केलं, पण फलक आणि पाटीमुळे आता ते निषेधाचं स्मारक झालंय असं म्हटलं.

शिल्प सातशे वर्षांहून जुनं आहे, मूळ जागी आहे आणि कोणाचाही ‘पुतळा’ नाही. तुमच्या नियमाने ठेवायचं की काढायचं?

पाऊलखुणा

काढायचं. भिंतीवरून उतरवून त्याच चर्चच्या आवारात, आत, डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचं आणि भिंतीवरची ती जागा मोकळी दिसू द्यायची.

न्यायालयाचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो. जर्मनीत १९४५ पर्यंत ज्यूंचं जे झालं ते विसरू नये म्हणून असे पुरावे समोर असावेत हा विचार प्रामाणिक आहे. पण पुरावा आतही पुरावाच राहतो. प्रार्थनेच्या जागेच्या बाहेरच्या भिंतीवर, उंचावर बसवलेली वस्तू म्हणजे त्या भिंतीने अजूनही उचलून धरलेली वस्तू. खालच्या फलकाने कितीही क्षमा मागितली तरी मान वर करून बघावं लागतं ते त्या शिल्पाकडेच. आणि ज्याच्या लोकांची विटंबना केली आहे तो समोर येऊन ‘मला हे रोज लागतं’ म्हणतो तेव्हा त्याला ‘आता ह्याचा अर्थ बदललाय’ असं आपण सांगणं मला जमत नाही. कोरेगावला अर्थ बदलला तो ज्यांचा होता त्यांनी बदलला. इथे तो दुसऱ्यांनी बदलून त्याच्या हातात दिलाय.

कातळ

इथे माझी असहमती कायम. ज्यू समाजातही ठेवावं म्हणणारे आणि काढावं म्हणणारे दोन्ही आहेत. एका माणसाचं दुःख खरं असलं तरी ते सगळ्यांच्या वतीने निकाल लावू शकत नाही. मी ते शिल्प भिंतीवरच ठेवीन, पण जमिनीवरचा फलक उचलून शिल्पाच्या उंचीला नेईन, तुमच्या त्या बोल्झानोसारखा.

@ओतीवकाम, सातशे वर्षं भिंतीत बसलेला असा दगड शाबूत निघतो का? की काढताना तुटण्याचीच शक्यता जास्त?

ओतीवकाम

माझं काम धातूचं, त्यामुळे खात्रीने तो दगड बघितलेलाच सांगेल. एवढं नक्की की भिंतीच्या चिऱ्यातच कोरलेलं असेल तर मागचा भारही त्या चिऱ्यावर असतो. आधी भिंतीला टेकू, मग चारही बाजूंचा चुना हाताने खरवडायचा, यंत्राने नाही. नुसतं दर्शनी बसवलेलं असेल तर काम खूप सोपं. माझ्या ओळखीत जुन्या दगडी कामाचे एक जाणकार आहेत, त्यांना विचारून इथे लिहितो.